वाचक विचारतात: ग्रांटांच्या घरची भट्टी

मागच्या अंकात पिढीजात धंद्यांवर लिहिताना ग्लेनफिडिकचं नाव मी जाता जाता घेतलं होतं, दोनच ओळी, की ही स्कॉच बनवणारी कंपनी आजही त्याच घराण्याकडे आहे ज्यानं ती उभी केली. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. प्रश्न थोडे आखूड केलेत, सारखे होते ते एकत्र केलेत, नावं न देता फक्त गावं दिलीत. आणि हो, शेवटचा उच्चार 'क' आहे, ग्लेनफिडिक. 'च' नाही. गेलिक भाषेत हरणांची दरी असा अर्थ होतो, बाटलीवरचं हरणाचं डोकं त्यामुळेच.

नाशिकहून: आमची द्राक्षबाग आहे, तिघे भाऊ एकत्र बघतो, आता वायनरीला माल देतो. एवढं मोठं नाव खरंच एका घरचं कसं राहिलं? सुरुवातीला पैसा कुठून आणला?

घरचंच आहे दादा. कंपनीचं नाव विल्यम ग्रांट अँड सन्स. शेअर बाजारात नाही, बाहेरचा मालक नाही, पाचवी-सहावी पिढी बघतेय.

विल्यम ग्रांट १८३९ चा, डफटाऊनचा. डफटाऊन म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्येला स्पे नदीच्या खोऱ्यातलं एक छोटं गाव, मधोमध घड्याळाचा मनोरा, तिथून चार दिशांना चार रस्ते, झालं गाव. हा पोरगा लहानपणी गुरं राखायचा, मग बूट शिवायला शिकला, मग चुन्याच्या भट्टीवर कारकुनी केली आणि १८६६ मध्ये गावातल्याच मॉर्टलॅक डिस्टिलरीत हिशेबनीस म्हणून लागला. तिथं २० वर्षं काढली, मॅनेजर झाला. पगार वर्षाला १०० पौंडांच्या आसपास, आणि घरात बायको एलिझाबेथ आणि नऊ मुलं, सात मुलगे दोन मुली. आता ह्या पगारात नऊ पोरं वाढवायची, शिकवायची आणि वर भट्टीसाठी पैसे साठवायचे, म्हणजे त्या बाईनं घर कसं चालवलं असेल ह्याचा विचार मी नेहमी करते.

पैसे साठवले तरी नवं सामान घेण्याएवढे नव्हतेच. पण जवळच्याच कार्डो डिस्टिलरीची मालकीण एलिझाबेथ कमिंग आपली डिस्टिलरी नव्यानं बांधत होती आणि जुनं सामान विकायला काढलं होतं. तांब्याच्या जुन्या स्टिल, म्हणजे दारू गाळायची भांडी, पिठाची चक्की, लाकडी टाक्या असं सगळं ग्रांटांनी उचललं ११९ पौंड १९ शिलिंग १० पेन्सला. ती रक्कम माझी पाठ झालीय. १२० ला फक्त दोन पेन्स कमी, म्हणजे शेवटच्या पेनीपर्यंत घासाघीस झाली असणार असं मला वाटतं.

१८८६ मध्ये नोकरी सोडली तेव्हा विल्यम ४६ वर्षांचा होता. ह्या वयात आपल्याकडे माणूस पोराच्या नोकरीची काळजी करायला लागतो, ह्यानं पोरांच्या हातात दगड दिले. ग्लेनफिडिकच्या भिंती एक गवंडी, बाप आणि मुलं ह्यांनी मिळून उभ्या केल्या, साधारण वर्षभरात. पाणी जवळच्याच रॉबी डू नावाच्या झऱ्याचं, आणि आजही तेच पाणी वापरतात. २५ डिसेंबर १८८७, ख्रिसमसच्या दिवशी, पहिली धार निघाली. मुलं भट्टीवर राबता राबता अभ्यास करायची, त्यातली काही पुढे डॉक्टर झाली, एक शाळामास्तर झाला.

पाचच वर्षांत, १८९२ मध्ये, शेजारीच दुसरी डिस्टिलरी बांधायला घेतली, बाल्व्हेनी. तिच्याही स्टिल जुन्याच, एक लॅगाव्हुलिन डिस्टिलरीकडून, एक ग्लेन अल्बिनकडून. १९०३ मध्ये रीतसर लिमिटेड कंपनी केली. तुम्ही तिघे भाऊ आहात म्हणून हे मुद्दाम सांगते, एकोपा होता तेव्हाच त्यांनी सगळं कागदावर आणलं.

पुण्याहून: ऑफिसमध्ये एक जण छातीठोक सांगत होता की ब्लेंडेड स्कॉच म्हणजे भेसळ, खरी फक्त सिंगल माल्ट. मग हेच ग्रांट लोक ग्रांट्स नावाची ब्लेंडेड का विकतात?

भेसळ नाही गं. तुझ्या आजीचा गोडा मसाला ही भेसळ आहे का? धणे, दगडफूल, नागकेशर, खोबरं, तीळ, प्रत्येकाचं प्रमाण ठरलेलं आणि दर वर्षी चव तीच लागली पाहिजे, धणे ह्या वर्षी वेगळ्या गावचे आले तरी. ब्लेंडरचं काम नेमकं हेच.

आधी फरक बघ. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या गोलसर पॉट स्टिलमध्ये एकेक घाणा करून काढलेली. ग्रेन व्हिस्की म्हणजे गहू किंवा मका वापरून उंच खांबासारख्या स्टिलमध्ये अखंड चालणारी, हलकी, स्वस्त, भरपूर निघणारी. ही खांबाची स्टिल १८३० मध्ये एनियस कॉफी नावाच्या माणसानं पेटंट केली, आणि तो आधी आयर्लंडमध्ये अबकारी अधिकारी होता, दारूवाल्यांना पकडायची नोकरी केलेला माणूस. ह्या दोन्ही मिसळल्या की ब्लेंडेड स्कॉच. दोन्ही ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, कमीत कमी तीन वर्षं राहिलेल्या असल्या पाहिजेत, आणि बाटलीवर १२ वर्षं लिहिलं असेल तर आतला सगळ्यात तरुण थेंबसुद्धा १२ वर्षांचा पाहिजे, असा कायदा आहे.

भेसळ खरोखर झाली होती, पण ती वेगळी गोष्ट. १८९० च्या दशकात एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात पॅटिसन नावाचे दोन भाऊ व्हिस्कीचे फार बडे व्यापारी होते. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा, शेकडो आफ्रिकन पोपट पाळून त्यांना 'पॅटिसनची व्हिस्की घ्या' असं बोलायला शिकवलं आणि दारूच्या दुकानदारांना वाटले म्हणतात. बँका कर्ज देत होत्या, सगळे त्यांना उधारीवर माल देत होते. आतून मात्र स्वस्त ग्रेन व्हिस्कीत चमचाभर चांगला माल्ट घालून ग्लेनलिव्हेट ह्या नावाजलेल्या उंची व्हिस्कीच्या नावानं विकणं चालू होतं, एकच माल दोनदा तारण ठेवणं चालू होतं. डिसेंबर १८९८ मध्ये सगळं कोसळलं. बरोबर कितीतरी लहान धंदे बुडाले, भरभराटीच्या काळात बांधलेल्या डिस्टिलऱ्या बंद पडल्या, आणि १९०१ मध्ये दोघे भाऊ तुरुंगात गेले.

आता पॅटिसन हे ग्रांटांचं मोठं गिऱ्हाईक होतं. त्या काळी माल्ट बनवणारा स्वतः बाटली विकत नसे, तो ब्लेंडरला पिंपं विकायचा, पुढचं सगळं ब्लेंडरच्या हातात. गिऱ्हाईकच बुडालं तर गोडाऊनमधल्या पिंपांचं करायचं काय? बाकीच्यांनी हात आखडता घेतला. ग्रांटांनी ठरवलं की ब्लेंडिंग आपणच करायचं, बाटली आपणच विकायची. त्यातून स्टँड फास्ट नावाची ब्लेंडेड आली, ग्रांट कुळाचं ते घोषवाक्य, 'पाय रोवून उभे राहा' असा अर्थ. आज जी ग्रांट्स म्हणून मिळते ती तीच.

विकायला कोण गेलं? जावई. चार्ल्स गॉर्डन, इझाबेला ह्या मुलीचा नवरा, पेशानं शाळामास्तर, विक्रीचा काही अनुभव नाही. ग्लासगोत दुकानं पालथी घालत होता, पॅटिसन प्रकरणानंतर लोकांचा नव्या ब्लेंडवर विश्वासच नव्हता, पहिली पेटी विकली जायच्या आधी शंभराच्या वर दारांतून त्याला रिकाम्या हातानं परत यावं लागलं. हाच माणूस १९०९ मध्ये थेट ऑस्ट्रेलिया आणि अतिपूर्वेकडे फिरतीवर गेला, बोटीनं, आणि १९१४ पर्यंत कंपनीचा माल ३० देशांत जात होता. आज कंपनी चालवणारे गॉर्डन आडनावाचे लोक ह्याच जावयाचे वंशज. म्हणून ग्रांटांच्या कंपनीत गॉर्डन कुठून आले असं कुणी विचारलं तर सांग, मास्तर जावयाकडून.

अजून एक गंमत आहे ह्या धंद्यातली. डिस्टिलऱ्या एकमेकींना ब्लेंडिंगसाठी माल्ट विकतात. बाहेर विकलेल्या पिंपातली व्हिस्की उद्या कुणी 'बाल्व्हेनी सिंगल माल्ट' म्हणून बाटलीत भरू नये म्हणून ग्रांट लोक बाल्व्हेनीच्या मालात थोडी ग्लेनफिडिक घालून देतात आणि ग्लेनफिडिकच्या मालात थोडी बाल्व्हेनी. धंद्यातले लोक ह्याला टीस्पूनिंग म्हणतात. एवढ्याशा थेंबानं ती कायद्यानं सिंगल माल्ट राहतच नाही, नावही वेगळं, एकीला बर्नसाइड, दुसरीला वॉर्डहेड. चव जवळपास तीच, पण नाव मात्र घरातच.

कोल्हापूरहून: मोठ्या कंपन्यांनी ह्यांना गिळलं कसं नाही? आणि दुसरं, आमच्या भागात साखर कारखान्यांच्या मळीपासून एवढं स्पिरिट निघतं, त्याची व्हिस्की तिकडे व्हिस्की का धरत नाहीत?

गिळायला आले होतेच की. १९६० च्या सुमारास स्कॉचच्या धंद्यावर डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड, म्हणजे डीसीएल, ह्या एका कंपनीची हुकमत होती. जॉनी वॉकर त्यांची, ब्लॅक अँड व्हाइट त्यांची, आणि मुख्य म्हणजे ग्रेन व्हिस्कीचा पुरवठा बराचसा त्यांच्या हातात. ब्लेंडेड बाटलीत निम्म्याहून जास्त ग्रेन असते, ती नाही मिळाली तर ब्लेंड बंद. ग्रांटांनी टीव्हीवर स्टँड फास्टची जाहिरात केली, ती डीसीएलला आवडली नाही, आणि ग्रेनचा पुरवठा तोडायची धमकी आली.

तेव्हा विल्यमचे पणतू चार्ल्स आणि सँडी असे दोघे भाऊ धंदा बघत होते, दोघेही तिशीतले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, माफी मागून गप्प बसायचं नाहीतर स्वतःची ग्रेन डिस्टिलरी काढायची. चार्ल्सनं गर्व्हन गावाजवळ, स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवर नऊ महिन्यांत डिस्टिलरी उभी केली. नऊ महिने! आपल्याकडे एवढ्यात बिनशेती परवानगीचा कागद मिळत नाही. १९६३ च्या ख्रिसमसला तिथून धार निघाली, पणजोबांच्या पहिल्या ख्रिसमसनंतर ७६ वर्षांनी.

मला ह्या घराण्याबद्दल जे काही सांगायचंय ते इथंच आहे. १८९८ मध्ये गिऱ्हाईक बुडालं तेव्हा ते स्वतः विक्रेते झाले, १९६३ मध्ये पुरवठादारानं गळा धरला तेव्हा स्वतः पुरवठादार झाले. तांब्याच्या स्टिल दुरुस्त करायला स्वतःचे तांबट ठेवले, पिंपं जोडायला स्वतःचे कूपर ठेवले. आपल्या गळ्याची दोरी दुसऱ्याच्या हातात नको, ही एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवली.

त्याच सुमाराला धाकट्या सँडीनं दुसरं धाडस केलं. सिंगल माल्ट तेव्हा स्कॉटलंडबाहेर जवळपास कुणी पीत नव्हतं, बाकीचे म्हणायचे इंग्लंडच्या लोकांना हा जडपणा झेपणार नाही. ह्यानं १९६३ मध्ये ग्लेनफिडिक स्कॉटलंडबाहेर सिंगल माल्ट म्हणूनच नेटानं विकायला सुरुवात केली. हान्स श्लेगर ह्या जर्मनीत जन्मलेल्या डिझायनरनं काढलेली हिरवी तिकोनी बाटली होती, ती शेल्फवर लांबून ओळखू यायची. आज जगभर सिंगल माल्टचं जे कौतुक चालतं त्याची बाजारातली सुरुवात तिथली.

आणि ती डीसीएल? १९८६ मध्ये गिनेस ह्या बिअरवाल्या कंपनीनं घेतली, १९९७ मध्ये डियाजिओ ह्या बड्या मद्य कंपनीत विरघळली. आपल्याकडच्या युनायटेड ब्रुअरीजच्या ग्रुपनं २००७ मध्ये ग्लासगोची व्हाइट अँड मॅके घेतली होती आठवतंय ना, तीसुद्धा २०१४ मध्ये फिलिपिन्सच्या कंपनीकडे गेली.

आता मळीचं. युरोप आणि ब्रिटनच्या नियमात व्हिस्की म्हणजे धान्याचीच. मळी उसाची, धान्य नाही, म्हणून तिथं तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, उसापासूनची म्हणजे त्यांच्या हिशेबी रमकडची. आपल्याकडे नियम वेगळे, त्यामुळे मळीचं स्पिरिट, थोडा माल्ट, कधी थोडी आयात स्कॉच असं मिसळून इथं व्हिस्की होते. ती वाईट असते असं मी म्हणत नाही, वस्तू वेगळी आहे एवढंच. २०२२ मध्ये भारतानं २१ कोटी ९० लाख बाटल्यांएवढी स्कॉच घेतली, फ्रान्सला मागे टाकून पहिला नंबर, पण त्यातला बराच माल सुटा येतो तो ह्याच मिसळण्यासाठी. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर व्यापार करार झालाय, त्यात स्कॉचवरची १५० टक्के ड्युटी आधी ७५ आणि मग दहाव्या वर्षी ४० वर आणायचं ठरलंय.

साताऱ्याहून: नावातच 'अँड सन्स'. घरात मुलीही असतील ना, त्यांचं काय? बायका कुठंच नाहीत का ह्या गोष्टीत?

आहेत ताई, आणि मला ह्याच भागावर जास्त लिहावंसं वाटतं. पहिल्या स्टिल विकल्या त्या बाईनं. ती एलिझाबेथ कमिंग विधवा होती, लहान मुलं सांभाळत तिनं कार्डो डिस्टिलरी नव्यानं बांधली आणि १८९३ मध्ये जॉन वॉकर अँड सन्सला विकली, म्हणजे जॉनी वॉकरच्या ब्लेंडमागे तिची भट्टी आहे. तिची सासू हेलन कमिंग तर त्याच्याही पुढची, डिस्टिलरीला लायसन नव्हतं तेव्हा अबकारीवाले मुक्कामाला आले की ती त्यांना प्रेमानं जेवायला वाढायची आणि तेवढ्यात गोठ्यावर लाल निशाण चढवायची, म्हणजे खोऱ्यातल्या बाकीच्यांना इशारा.

ग्रांटांच्या घरातली बाई म्हणजे जॅनेट शीड रॉबर्ट्स, विल्यमची नात. १९०१ चा जन्म, कायदा शिकली, आणि त्या काळात कायदा शिकणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. १९९० मध्ये घराण्यानं किनिन्व्ही ही डफटाऊनमधली आपली तिसरी माल्ट डिस्टिलरी सुरू केली ती हिच्या हस्ते. एप्रिल २०१२ मध्ये गेली तेव्हा ११० वर्षांची होती, स्कॉटलंडमधली सगळ्यात वयस्कर व्यक्ती. तिच्या वाढदिवसासाठी ५५ वर्षं पिंपात राहिलेल्या ग्लेनफिडिकच्या फक्त ११ बाटल्या भरल्या, तिच्या आयुष्याच्या प्रत्येक दशकाला एक, आणि बऱ्याचशा लिलावात काढून पैसा समाजकार्याला दिला. ज्या आजोबांनी दगड रचले त्यांच्या मांडीवर खेळलेली मुलगी २१ व्या शतकात त्याच आवारात येत-जात होती, ह्याचं मला फार वाटतं.

म्हापशाहून: आमच्या घरी तीन पिढ्यांची काजू फेणीची भाटी आहे. फेणी आणि माल्ट ह्यांच्या भाटीत फरक काय? आणि आम्ही पिंपात मुरवून ठेवली तर चालेल का?

तुमच्याशी बोलायला आवडलं असतं, कारण तुम्हाला तांबं कळतं. मूळ काम एकच, आंबवलेला रस तापवायचा, वाफ धरायची, थंड करायची. तुमचा हुर्राक पहिल्या खेपेचा, फेणी त्यापुढची. तिकडेही दोन खेपा, पहिल्या स्टिलमधून हलकी, दुसरीतून कडक. फक्त आपण 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल असं म्हणतो आणि ते दुसऱ्या स्टिलची पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात, ठेवतात ती मधली. बाजूला काढलेली फेकत नाहीत, पुढच्या घाण्यात परत घालतात. हे कापणं स्टिलमन करतो, काचेच्या कुलूपबंद पेटीतून वाहती धार बघत, कारण पूर्वी ह्या पेटीची चावी अबकारीवाल्याकडे असायची. ग्रांटांच्या घरी स्टिल झिजली की नवी अगदी जुन्याच मापाची आणि आकाराची करतात, आकार बदलला तर चव बदलेल ह्या भीतीनं.

पिंपाचं म्हणाल तर हवामान बघा. डफटाऊनला पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल हवेत उडून जातो, ते लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तुमच्या गोव्यात उकाडा, तिथं हाच वाटा आठ-दहा टक्क्यांवर जातो. म्हणून गोव्यातच बनणारी पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत ह्या सिंगल माल्ट पाच-सहा वर्षांत तयार होतात, १८ वर्षं ठेवल्या तर पिंपात उरेल काय? फेणी लाकडात ठेवणारे आहेत, पण काजूचा तो उग्र वास हाच तिचा जीव, लाकूड तो झाकतं. ठेवायचीच तर छोट्या प्रमाणात, दर दोन-तीन महिन्यांनी चाखत ठेवा असं माझं मत.

पिंप चवीचं किती करतं ह्याचं उदाहरण घरातलंच. डेव्हिड स्ट्युअर्ट १९६२ मध्ये १७ वर्षांचा पोरगा म्हणून कंपनीत कारकुनीला लागला, १९७४ मध्ये माल्ट मास्टर, म्हणजे मालाची चव ठरवणारा मुख्य माणूस झाला, आणि आधी बर्बन ह्या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात, मग शेरी ह्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात असं दोन लाकडांत मुरवून १९९३ मध्ये बाल्व्हेनी डबलवुड काढली. आज ही पद्धत सगळेच वापरतात. ६० वर्षं एकाच घरात नोकरी करून तो २०२२ मध्ये त्या जागेवरून उतरला.

सोलापूरहून: दारूच्या धंद्याचं एवढं कौतुक कशाला? किती संसार ह्यानं उद्ध्वस्त झाले.

तुमचं म्हणणं मनापासून पटतं. माझा सख्खा मामा ह्यातच गेला, ५२ व्या वर्षी, मामीनं शिलाईमशीनवर दोन मुलं वाढवली. म्हणून मी कुणालाही प्या असं सांगत नाही आणि इथून पुढेही सांगणार नाही. महाराष्ट्रात कडक मद्याला वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या. मी लिहितेय ते एका घरानं धंदा सव्वाशेहून जास्त वर्षं कसा हातात ठेवला त्याबद्दल, आणि ते लिहिताना वस्तू कुठली हे लपवणं मला बरोबर वाटत नाही.

अ‍ॅबरडीनहून: मी इथं तेल कंपनीत आहे. आई-बाबा उन्हाळ्यात येतायत, दोघंही शाकाहारी आणि दारूला न शिवणारे. त्यांना डफटाऊनला न्यावं का?

न्या की! मी गेले होते तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये एक आजी होत्या, त्याही न पिणाऱ्या, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. कारनं दीडेक तास लागेल. ग्लेनफिडिकनं १९६९ मध्ये लोकांसाठी दारं उघडली, स्कॉटलंडमध्ये असं करणारी ती पहिली डिस्टिलरी, त्यामुळे तिथं सवय आहे, सोय चांगली आहे. पण जमलं तर बाल्व्हेनी दाखवा, तिथं ग्रुप छोटे असतात, बुकिंग बरंच आधी करा.

बाबा शेतीतले असतील तर त्यांना माल्टिंग फ्लोअर आवडेल. बार्ली भिजवून लांबलचक दगडी जमिनीवर पसरतात, वीतभर थर, आणि तिला मोड येऊ देतात, अगदी आपण मटकीला आणतो तसे. मोड येताना धान्य तापतं, गुंता होतो, म्हणून दिवसरात्र ठरावीक वेळानं माणसं लाकडी फावड्यानं ती उलटतात. मी हात घातला तर आत कोमट होतं, वास ओल्या पोत्याचा आणि काकडीचा मिळून आल्यासारखा. पूर्वी हे काम करून करून माणसांचा एक खांदा उतरायचा, त्या दुखण्याला मंकी शोल्डर म्हणायचे, आणि त्याच नावाची एक व्हिस्की ह्याच कंपनीनं २००५ मध्ये काढली. बहुतेक डिस्टिलऱ्यांनी हे हातकाम कधीच सोडून दिलं, तयार माल्ट विकत घेतात. बाल्व्हेनीलाही लागणाऱ्या मालापैकी थोडाच असा घरी होतो, पण बंद नाही केला.

आईला कूपरेज दाखवा, पिंपं जोडायची शेड. खिळा नाही, गोंद नाही, फळ्या आणि लोखंडी कड्या, फटीत सुकलेलं गवत घालतात. हातोड्यांचा आवाज असा की बोललेलं ऐकू येत नाही. आणि गोडाऊनमध्ये कॉपर डॉग बघायला विसरू नका, तांब्याची हातभर नळी, एका तोंडाला पेनीचं नाणं डाग देऊन बंद केलेलं. कामगार ती पिंपात बुडवून भरायचे आणि पँटच्या आत लपवून घरी न्यायचे.

दोन सूचना. आंबवण्याच्या लाकडी टाकीचं झाकण उघडून दाखवतात तेव्हा आई-बाबांना वाकून जोरात श्वास घेऊ देऊ नका, आत कार्बन डायऑक्साइड असतो, नाकात झणकन जातो. आणि गाडी तुम्ही चालवणार असाल तर घोटसुद्धा नको, स्कॉटलंडची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, फक्त आधी सांगावं लागतं. जेवणाचं काय ते घरून डब्यात न्या, थालीपीठ टिकतं.